उत्पन्न वाढतंय, पण त्यात मुदल किती? शाश्वततेचा अर्थशास्त्रातला अर्थ

अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे: राज्याचं दरडोई उत्पन्न वाढत असेल, लोक पूर्वीपेक्षा बरं खात-पीत असतील, तर ‘शाश्वत विकास’ म्हणून त्यापलीकडे आणखी काय मागायचं? हा विचार अर्थशास्त्रातलाच आहे की पर्यावरणवाल्यांनी बाहेरून आणलेला? आणि माणसाच्या रोजच्या भल्याशी त्याचा नेमका संबंध काय?

मी बरीच वर्षं नैसर्गिक संसाधनांचे हिशेब मांडण्याचं काम करते आहे. गावांचे पाण्याचे ताळेबंद, खनिजांचे साठे, त्यांची किंमत वगैरे. त्यामुळे उत्तरही हिशेबाच्या बाजूने देते. शाश्वतता हा अर्थशास्त्राच्या अगदी गाभ्यातला प्रश्न आहे. आपण ज्याला उत्पन्न म्हणतो आहोत त्यात व्याज किती आणि मुदल किती, हे विचारणं म्हणजे शाश्वततेबद्दल विचारणं.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी १९३९ साली उत्पन्नाची जी कल्पना मांडली ती हीच. आठवड्याच्या सुरुवातीला माणूस जितका सधन होता, तितकाच आठवडा संपताना राहील असं पाहून त्याला जास्तीत जास्त जेवढं खर्च करता येईल, तेवढंच त्याचं उत्पन्न. त्यावर खर्च केलं तर तो मुदल मोडतो आहे. घर चालवणाऱ्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. शेत विकून आलेल्या पैशाला कुणी ‘यंदाची कमाई’ म्हणत नाही.

देशाच्या हिशेबात मात्र नेमकं तेच होत आलं. सकल देशांतर्गत उत्पादनातल्या ‘सकल’ या शब्दाचा अर्थच हा, की त्यातून घसारा वजा केलेला नाही. निव्वळ उत्पादन काढताना यंत्रांचा, इमारतींचा, रस्त्यांचा घसारा वजा होतो. पण खाणीतून काढून विकलेलं खनिज, तुटलेलं जंगल, खाली गेलेलं भूजल यांचा घसारा निव्वळ आकड्यातूनही वजा होत नसे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट रेपेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली इंडोनेशियाचा असा हिशेब करून पाहिला. १९७१ ते १९८४ या काळात त्या देशाची वाढ वर्षाला सरासरी ७.१ टक्के दिसत होती. तेल, लाकूड आणि माती या तीनच गोष्टींची झीज वजा केल्यावर ती ४ टक्क्यांवर आली. तीन टक्के वाढ ही वाढच नव्हती. घरातली वस्तू विकून आलेला तो पैसा होता. लक्षात घ्या, त्यांनी मासे, कोळसा, प्रदूषण यांना हातही लावला नव्हता.

आता गोव्याचं उदाहरण घेऊ, कारण मुदल आणि व्याज यांचा घोळ इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत पोर्तुगीज काळापासून लोहखनिजाच्या खाणी आहेत. पोर्तुगीजांनी दिलेल्या खाणकामाच्या हक्कांचं १९८७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत रूपांतर झालं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनची मागणी भडकली, पूर्वी टाकाऊ समजला जाणारा कमी प्रतीचा मालही विकला जाऊ लागला, आणि २०१०-११ च्या सुमारास निर्यात पाच कोटी टनांच्या घरात गेली. मांडवी-जुवारीत बार्जांची रांग, रस्त्यावर ट्रकांची रांग. ज्यांना दुसरा धंदा नव्हता त्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले. गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात वरच्या क्रमांकावर.

त्या दगडाचा मालक कोण होता? जमिनीखालचं खनिज राज्याचं, म्हणजे लोकांच्या वतीने राज्याने सांभाळलेलं. खाणवाल्याला भाडेपट्टा मिळतो तो ते काढण्याचा. मग विकल्यावर मालकाला किती मिळायला हवं? काढण्याचा खर्च आणि खाणवाल्याचा रास्त नफा वजा जाता उरणारा सगळा पैसा. प्रत्यक्षात ऑगस्ट २००९ पर्यंत लोहखनिजावरची रॉयल्टी टनामागे ठरावीक रुपयांत होती. जागतिक बाजारात भाव कितीही चढो, राज्याच्या वाट्याला तेवढंच. त्यानंतर ती विक्रीमूल्याच्या १० टक्के झाली, २०१४ मध्ये १५ टक्के. आणि जे काही येत होतं तेही अर्थसंकल्पात ‘करेतर महसूल’ या रकान्यात जाऊन पगार, अनुदानं, रस्ते यांवर खर्च होत होतं. माझ्या मते मूळ दोष या रकान्यातच आहे. खनिज एकदा गेलं की परत येत नाही. त्याचा पैसा महसूल नव्हे, विकलेल्या मालमत्तेची किंमत आहे. ती महसुलात दाखवली की मुदल खाल्ल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या बाजूला जे झिजत होतं त्याला रकानाच नव्हता. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की पाणी उपसून बाहेर टाकावं लागतं. शिरगावसारख्या गावांत विहिरी आणि झरे आटले. पावसात खाणीच्या ढिगाऱ्यांचा लाल गाळ भातशेतीत उतरला. उलट गावात टँकर आला तर त्याचं भाडं मात्र उत्पन्नात धरलं गेलं.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये बाहेर आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी जो निकाल आला त्यात दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. एक, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा. दोन, विक्रीच्या १० टक्के रक्कम ‘गोवा लोहखनिज कायमस्वरूपी निधी’त टाकायची, कारण या संपत्तीवर पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे. १० टक्के माझ्या दृष्टीने फार कमी आहेत. मालकाचा वाटा त्याहून कितीतरी मोठा असायला हवा. पण तत्त्व बरोबर आहे. खनिजाचं मुदल निधीच्या मुदलात बदलायचं, आणि खायचं ते त्याचं व्याज.

या तत्त्वाला अर्थशास्त्रात जॉन हार्टविक यांचं नाव आहे. १९७७ साली त्यांनी दाखवलं, की संपणाऱ्या संसाधनातून मिळणारा सगळा निव्वळ मोबदला जर कारखाने, शिक्षण, इतर भांडवल यांत गुंतवला, तर काही अटींवर उपभोगाची पातळी कायम टिकू शकते. नॉर्वे साधारण याच वाटेने चालला. तेलाच्या पैशासाठी १९९० मध्ये कायदा केला, १९९६ मध्ये निधीत पहिली रक्कम टाकली, आणि पुढे नियम केला की सरकारने वर्षाला निधीच्या अपेक्षित परताव्याएवढंच उचलायचं. तो आकडा आधी ४ टक्के होता, २०१७ पासून ३ टक्के.

निधी काढला म्हणजे झालं, असं मात्र नाही. प्रशांत महासागरातल्या नाउरू या जेमतेम २१ चौरस किलोमीटरच्या बेटावर फॉस्फेटचे थर होते. साठेक वर्षं परक्यांनी ते उपसलं. १९६८ मध्ये नाउरू स्वतंत्र झालं, खाणी लोकांच्या ताब्यात आल्या, आणि काही वर्षं दरडोई उत्पन्नात हा देश जगात अगदी वर होता. त्यांनीही निधी काढला होता. त्यातून मेलबर्नला ५२ मजली इमारत बांधली, लंडनमध्ये एका संगीत नाटकावर पैसे घातले. फॉस्फेट संपत आलं तोवर निधीही संपत आला, आणि २००४ मध्ये ती इमारत विकावी लागली. आज बेटाचा मधला भाग, साधारण ८० टक्के जमीन, चुनखडीचे सुळके उभे असलेलं उजाड पठार आहे. शेती करायला जागा नाही, आयात केलेल्या डबाबंद अन्नावर लोकसंख्या वाढली, आणि मधुमेहाचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक झालं.

नाउरूचं उदाहरण मी नेहमी देते ते पैसे उधळले म्हणून नव्हे. समजा त्यांनी पै न पै शहाणपणाने गुंतवली असती. तरी ते बेट त्यांना परत विकत घेता आलं असतं का? शाश्वततेच्या अर्थावरून अर्थशास्त्रज्ञांत जो खरा वाद आहे तो इथेच आहे.

रॉबर्ट सोलो यांच्या बाजूचे लोक म्हणतात, पुढच्या पिढीला अमुक एक मासा किंवा अमुक एक जंगल देणं आपण लागत नाही. चांगलं जगण्याची एकूण क्षमता देणं लागतो. एक भांडवल कमी झालं आणि दुसरं तेवढं वाढलं तर हिशेब जुळला. हर्मन डेली यांचं म्हणणं वेगळं: समुद्रात मासेच उरले नाहीत तर आणखी बोटी घेऊन काय उपयोग? माणसाने बनवलेलं भांडवल आणि निसर्गाचं भांडवल बऱ्याच ठिकाणी एकमेकांची जागा घेत नाहीत, एकमेकांवर अवलंबून असतात. पहिल्याला सौम्य शाश्वतता म्हणतात, दुसऱ्याला कठोर. अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी ब्रिटिश अर्थखात्यासाठी केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातला आकडा या वादासमोर ठेवून बघा. १९९२ ते २०१४ या काळात जगात माणशी उत्पादित भांडवल (यंत्रं, इमारती, रस्ते) दुप्पट झालं, माणशी मानवी भांडवल (शिक्षण, आरोग्य) सुमारे १३ टक्क्यांनी वाढलं आणि माणशी नैसर्गिक भांडवल जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं.

मी कामात दोन्ही वापरते, आणि कुठे काय वापरायचं ते वस्तू ठरवते. लोहखनिजाचा निधी करता येतो. पिण्याच्या पाण्याचा करता येत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या ‘जलदूत’ गाडीत ५ लाख लिटर होतं, नंतरच्या गाड्यांत २५ लाख. लातूर गरीब शहर नाही. डाळींची मोठी बाजारपेठ आहे, शिकवणी वर्गांसाठी राज्यभरातून मुलं येतात, बँकांत ठेवी आहेत. त्या ठेवींतून पाणी तयार झालं नाही. भोवतीच्या मुलखात वर्षानुवर्षं ऊस उभा होता. एक किलो साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी जातं, असा कृषी खर्च व मूल्य आयोगाचा अंदाज आहे.

पाण्याबाबत महाराष्ट्रात आणखी एक बारकावा आहे आणि तो न समजल्याने फार चुकीच्या योजना होतात. राज्याच्या बहुतेक भागात खाली काळा पाषाण आहे. तो पाणी फार साठवत नाही. तिथल्या विहिरीतलं पाणी बरंचसं त्याच वर्षीच्या पावसाचं, म्हणजे व्याजच. ज्याचा बोअर खोल तो शेजाऱ्याच्या विहिरीचं ओढून घेतो. गावाचं एकूण पाणी वाढत नाही, फक्त हात बदलतं, आणि त्यासाठी प्रत्येकजण आणखी शंभर फूट खाली जायला कर्ज काढतो. बोअरच्या गाडीचं भाडं, केसिंग, जास्त अश्वशक्तीची मोटर, सगळं उत्पन्नात वाढ म्हणून नोंदलं जातं. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात, तापीच्या गाळाच्या थरांत, गोष्ट उलटी आहे. तिथे साठा मोठा आणि जुना आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं मुदल उपसूनही केळीचे घड तितकेच भरतात. झीज दिसत नाही, आणि म्हणून ती जास्त धोक्याची असते.

आता माणसाच्या भल्याकडे येते, कारण माझ्या मते प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. शाश्वततेची चर्चा झाडं, पाणी, हवा इथेच थांबते. माणसाचं शरीर, आरोग्य, शिक्षण हेही भांडवल आहे आणि तेही मुदलासारखं खाल्लं जातं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबं बघा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं की ‘खाडा’, त्याचे पैसे कापले जातात. राहणं उसाच्या फडाजवळच्या कोपीत. संडास नाही, न्हाणी नाही. पहाटेपासून वाकून तोडणी, मग मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवणं. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. कंबर, अंगावरून जाणं, जंतुसंसर्ग यांची दुखणी घेऊन बाई खासगी दवाखान्यात गेली, की कॅन्सरची भीती घालून गर्भाशय काढलं जातं, आणि तेही तिशीच्या आत-बाहेर. २०१९ मध्ये हा विषय एवढा वाढला की राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

याचा हिशेब कसा लागतो बघा. साखरेचं उत्पादन: उत्पन्न. मजुरी: उत्पन्न. शस्त्रक्रियेचं बिल: उत्पन्न. त्या बिलासाठी घेतलेल्या नव्या उचलीपायी पुढच्या वर्षी पुन्हा तोडणी: उत्पन्न. पस्तिशीत थकलेलं शरीर कुठेही वजा नाही. आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलीचं बुडालेलं शाळेचं वर्ष वजा नाही, आणि मागे ठेवायची सोय नाही म्हणून लवकर उरकलेलं तिचं लग्नही नाही. साखर खाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला ती स्वस्त मिळते, कारण तिच्या किमतीतला एक हिस्सा पाण्याच्या मुदलातून आणि दुसरा या बायकांच्या शरीरातून भरला गेलेला असतो. मला हे लिहिताना राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

अमर्त्य सेन यांचा आग्रह इथे उपयोगी पडतो. भलं मोजायचं तर माणसाकडे किती आहे यापेक्षा तो काय करू शकतो, कसा जगू शकतो, हे मोजा. आणि उद्याच्या पिढीच्या न्यायाची काळजी करताना आजच्या गरिबाकडे पाठ फिरवली, तर त्या न्यायाला आधारच उरत नाही. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रंटलँड आयोगाची शाश्वत विकासाची १९८७ ची व्याख्या सगळे अर्धीच पाठ करतात: ‘पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं’. त्याच्या लगेच पुढे आयोगाने सांगितलं आहे, की गरजा म्हणजे मुख्यतः जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा आणि त्यांना सर्वांत वरचं प्राधान्य. परीक्षेत एवढं एक वाक्य जास्त लिहिलंत तरी विषय कळल्याचं दिसेल.

पण आजचं भलं आणि शाश्वतता एकाच आकड्यात कोंबू नका. स्टिग्लिट्झ, सेन आणि फितुसी यांच्या आयोगाने २००९ मध्ये हेच सुचवलं होतं, की दोन्ही वेगवेगळी मोजा. एखादा समाज आज सुखात असून मुदल खात असेल. एखादा मुदल राखून असेल पण त्यातलं काहीही तळाच्या माणसापर्यंत पोचत नसेल. एकाच निर्देशांकात दोन्ही मिसळली की यांतलं काय घडतंय हे कळत नाही.

एका तांत्रिक गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष करू नका, ती म्हणजे वटावाचा दर. प्रकल्पाचा लाभ-व्यय काढताना भविष्यातला रुपया आजच्या मोलात आणायला हा दर लावतात. १० टक्के दराने ५० वर्षांनंतरचे १०० रुपये आज फक्त ८५ पैशांचे ठरतात. ३ टक्क्यांनी तेच जवळपास २३ रुपये होतात. म्हणजे नातवंडांच्या वाट्याचं पाणी वाचवायला आज किती खर्च करावा, याचं उत्तर बहुतेक वेळा या एका दरात आधीच दिलेलं असतं. केंब्रिजचे गणितज्ञ-अर्थशास्त्रज्ञ फ्रँक रॅम्से यांनी १९२८ मध्येच पुढच्या पिढ्यांचं भलं केवळ उशिरा येतं म्हणून कमी लेखणं नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवलं होतं. कुठल्याही प्रकल्प अहवालात आधी हा दर शोधा.

हिशेबाची पद्धत बदलते आहे. भारतात दासगुप्ता यांच्याच अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये हरित राष्ट्रीय लेख्यांची, म्हणजे निसर्गाची झीजही धरणाऱ्या देशाच्या हिशेबाची, चौकट दिली. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची नवी पद्धत मंजूर केली, तिच्यात नैसर्गिक संसाधनांचा क्षय हा उत्पादनाचा खर्च मानून निव्वळ आकड्यातून वजा करायचा आहे. वर्तमानपत्रांत मथळा अजून सकल आकड्याचाच येणार, हे खरं.

तुम्हाला हे स्वतः करून बघायचं असेल तर एखादा तालुका घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. दरवर्षीची मे महिन्याची पातळी मे महिन्याशीच ताडून बघा, आणि एका कोरड्या वर्षाने फसू नये म्हणून निदान दहा वर्षांची मालिका घ्या. काळ्या पाषाणाची पाणी सोडण्याची क्षमता ढोबळमानाने २ टक्के धरा, म्हणजे १०० घनमीटर पाषाणातून २ घनमीटर पाणी. मग १,००० हेक्टरच्या गावात पातळी एक मीटर खाली गेली, तर २ लाख घनमीटर, म्हणजे २० कोटी लिटर पाणी कमी झालं. १० हजार लिटरचे २० हजार टँकर. त्याला तुमच्या भागातला टँकरचा दर लावा. शेतीच्या पाण्याची किंमत टँकरच्या भावाने धरणं जास्तीचं वाटेल, म्हणून दुसरा हिशेब विहीर-बोअर खोल करण्याच्या खर्चाने करा. खरी किंमत त्या दोन्हींच्या दरम्यान कुठेतरी असेल. मग राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हा उत्पन्नाचे जे अंदाज प्रसिद्ध करतं, त्यातला शेतीचा आकडा घ्या, तुमच्या तालुक्याचा वाटा पीकक्षेत्राच्या प्रमाणात काढा आणि त्यातून ही रक्कम वजा करा. आरोग्यासाठी असा सरळ दर मिळत नाही. तिथे ऊसतोडीला गेलेल्या आणि न गेलेल्या कुटुंबांतल्या बायकांचं आजारपण, दवाखान्याचा खर्च आणि मुलांची शाळेतली हजेरी शेजारी-शेजारी मांडा, आणि त्यांना रुपयांत बदलायची घाई करू नका.